टाउन सेंटर झोपू देऊ नका: 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये वेग वाढवण्याची पद्धत

'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरच्या युद्ध-रणनीतीच्या खेळात हरल्यावर बहुतेकांचा पहिला संशय स्वतःच्या बोटांवर जातो. समोरच्याचा हात झरझर चालतो, आपला चालत नाही, विषय संपला. तुम्ही नवखे किंवा मध्यम खेळाडू असाल तर हा संशय बहुधा खोटा आहे. वाटत नसेल तर एक हिशोब करून बघा.

सामन्याच्या सुरुवातीला तुमच्याकडे तीन व्हिलेजर (कामकरी) आणि एक स्काउट (टेहळणी करणारा घोडेस्वार) असतो. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात. लोकसंख्या २१ करायची, म्हणजे आणखी १७ व्हिलेजर हवेत. १७ गुणिले २५ म्हणजे ४२५ सेकंद, त्यात 'लूम'चे (व्हिलेजरचे प्राण वाढवणारं तंत्र) २५ मिळवा. झाले ४५० सेकंद, म्हणजे बरोबर ७ मिनिटं ३० सेकंद. टाउन सेंटर (व्हिलेजर जिथे तयार होतात ती मुख्य इमारत, पुढे नुसतं टीसी म्हणू) एक क्षणही रिकामं बसलं नाही, तर ७:३० ला तुम्ही फ्युडल एजचं, म्हणजे दुसऱ्या युगात जाण्याचं, बटण दाबू शकता. आता तुमचा शेवटचा सामना आठवा. २१ लोकसंख्येला घड्याळ ९:०० दाखवत होतं का? मग ९० सेकंद टीसी झोपलं होतं आणि साडेतीन व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत. ते पुढचा अख्खा सामना लाकूड तोडत, सोनं खणत बसले असते. हे नुकसान कितीही चपळ बोटांनी भरून निघत नाही.

म्हणून या लेखात क्लिकचा वेग सगळ्यात शेवटी येतो. सगळे आकडे २०१९ साली आलेल्या डेफिनिटिव्ह एडिशनचे आहेत. सायबर कॅफेत लॅनवर जुनी आवृत्ती खेळून ज्यांचा हात बसलाय, त्यांना काही ठिकाणी फरक दिसेल. आणखी एक, खेळातलं घड्याळ रँक्ड सामन्यात खऱ्या घड्याळाच्या १.७ पट धावतं. खेळातले २५ सेकंद म्हणजे खरे जेमतेम १५. हा १५चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी सेटिंग, एकदाच

लॅपटॉपच्या टचपॅडवर हा खेळ होत नाही. साधा चाक असलेला माउस पुरतो. दिव्यांचे महागडे माउस हौस म्हणून घ्या, त्यांनी फ्युडल लवकर येत नाही. ग्राफिक्स इतके उतरवा की मोठ्या लढाईतही चित्र अडखळणार नाही. ऑप्शन्समध्ये जाऊन खेळातली वेळ स्क्रीनवर दिसेल असं करा. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये प्रत्येक साधनापाशी तिथे किती व्हिलेजर लागलेत तेही दिसतं, आणि कुठल्या इमारतीत काय तयार होतंय याची रांग एका जागी बघता येते. या दोन गोष्टी चालू आहेत ना, हे तपासून घ्या. पुढचं अर्धं काम त्यांच्याकडे बघूनच होतं.

हॉटकी (हुकूम देणाऱ्या कीबोर्डच्या कळा) मात्र वेळ देऊन बसवा. चाळीस हॉटकी एकदम पाठ करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी पुन्हा माउसवर याल. सुरुवातीला सहा पुरे: टीसी निवडणं, व्हिलेजर बनवणं, घर, लंबर कॅम्प (लाकूड जमा करण्याची इमारत), शेत आणि रिकामा व्हिलेजर शोधणं. मूळ मांडणीत टीसीसाठी 'एच', व्हिलेजर बनवायला 'क्यू' आणि रिकाम्या व्हिलेजरसाठी पूर्णविरामाची कळ असते. व्हिलेजर निवडून 'क्यू' दाबलं की आर्थिक इमारती उघडतात, त्यातलं पुन्हा 'क्यू' म्हणजे घर. डाव्या हाताची बोटं कीबोर्डच्या डाव्या भागातून हलता कामा नयेत. 'एच' किंवा पूर्णविरामासाठी हात लांबवावा लागत असेल तर त्या कळा बदलून जवळ घ्या. मांडणी कोणतीही चालेल, पण एकदा ठरवली की दर आठवड्याला बदलू नका.

पहिली दोन मिनिटं

सामना सुरू होताना हातात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड असतात. व्हिलेजर ५० अन्नाला पडतो, म्हणजे चार व्हिलेजर लगेच रांगेत टाकता येतात. टाका. पुढे युगं बदलली की रांगेत पैसे अडकवणं महागात पडतं, पण डार्क एजच्या (पहिल्या युगाच्या) सुरुवातीला अन्नाचा दुसरा काही उपयोगच नसतो.

पुढचं काम घरं. सुरुवातीची लोकसंख्या ४ आणि जागा फक्त ५ जणांना, म्हणजे पहिला नवा व्हिलेजर बाहेर आला की दार बंद. घराला एकट्याला २५ सेकंद लागतात, दोघांना साधारण १९. म्हणून दोन व्हिलेजर मिळून एक घर बांधतात आणि तिसरा एकट्याने दुसरं. प्रत्येकी २५ लाकूड. पहिलं घर वेळेत उभं राहतं, दुसऱ्याला उशीर झाला तरी बिघडत नाही, आणि एकूण १५ जणांची सोय होते. घराचा हुकूम देतानाच शिफ्ट दाबून मेंढीवर उजवी क्लिक करून ठेवा. घर झालं की व्हिलेजर आपणहून मेंढीकडे जातो, तुम्हाला परत यावं लागत नाही.

शिफ्टची ही सवय सगळीकडे लावा. घर बांध, मग झाड तोड. मिल (अन्न जमा करण्याची इमारत) बांध, मग बेरी तोड. तुम्ही एकदा सांगता, कामं दोन होतात. वेग वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय या खेळात मला तरी माहीत नाही.

टीसीचा गॅदर पॉइंट (तयार झालेला माणूस आपोआप जातो ती जागा) थेट मेंढीवर ठेवा, म्हणजे नवा व्हिलेजर बाहेर पडताच कामाला लागेल. गॅदर पॉइंट मोकळ्या जमिनीवर ठेवणारे खेळाडू दर १५ खऱ्या सेकंदांनी एक माणूस रिकामा उभा करून ठेवतात आणि मग पूर्णविरामाची कळ बडवत बसतात.

स्काउटला टीसीभोवती गोल फिरवा, तेही शिफ्टने टप्पे देऊन. 'अरेबिया'सारख्या नकाशावर साधारण आठ मेंढ्या मिळतात: जवळ चार आणि दोन-दोनच्या दोन जोड्या. आपोआप फिरण्याचं बटणही आहे, पण ते तुमच्या मेंढ्या आधी शोधेलच असं नाही. मेंढ्या सापडेपर्यंत स्काउट स्वतः चालवा, नंतर हवं तर सोडून द्या.

मेंढी एका वेळी एकच मारा. मारलेल्या जनावराचं मांस सडत जातं, जिवंत मेंढीचं नाही. एक मिनिट चाळीस सेकंदांच्या सुमारास सुरुवातीचं अन्न संपतं, तेव्हा एक युक्ती उपयोगी पडते. अन्नाचा आकडा ४० च्या आसपास अडकला असेल तर मेंढीवरचे व्हिलेजर निवडून टीसीवर उजवी क्लिक करा. हातातलं मांस ते लगेच जमा करतात आणि पुढचा व्हिलेजर सुरू होतो. मग त्यांना पुन्हा मेंढीवर पाठवा. आणि तरीही अन्न कमीच पडलं तर 'लूम' घ्या. त्याला ५० सोनं लागतं, अन्न नाही, आणि टीसीचे ते २५ सेकंद फुकट जात नाहीत.

मेंढीवर सहाच का

बिल्ड ऑर्डर (कोणता व्हिलेजर कधी कुठे, याचा ठरलेला क्रम) पाठ करणारे पुष्कळ असतात. 'सहा मेंढीवर, चार लाकडावर' हे सगळे घोकतात, पण सहाच का हे विचारलं तर गप्प. उत्तर एका भागाकारात आहे. टीसी अखंड चालू ठेवायला दर २५ सेकंदांना ५० अन्न लागतं, म्हणजे सेकंदाला २. मेंढीवरचा एक व्हिलेजर सेकंदाला सुमारे ०.३३ अन्न आणतो. सहा जण आणतात १.९८.

हा भागाकार समजला की कुठल्याही सैन्याचा हिशोब स्वतःला मांडता येतो. दोन आर्चरी रेंज अखंड चालवायच्या? एक धनुर्धारी २५ लाकूड आणि ४५ सोन्याला पडतो, ३५ सेकंद घेतो. दोन रेंजना ३५ सेकंदांत ९० सोनं, म्हणजे सेकंदाला २.६ च्या आसपास. सोन्यावरचा व्हिलेजर ०.३८ आणतो. उत्तर सात, आणि चालण्यातला वेळ धरून आठ. एका स्टेबलमधून सतत स्काउट काढायचे? एकाला ८० अन्न आणि ३० सेकंद, म्हणजे सेकंदाला २.६७. त्यात व्हिलेजरचे २ मिळवा, झाले ४.६७. शेतावरचा माणूस जेमतेम ०.३२ आणतो, म्हणजे पंधरा-सोळा शेतं. आता कळेल की आठ शेतांवर स्काउट रश (स्काउट घेऊन लवकर हल्ला) करणाऱ्याचं टीसी दर मिनिटाला का थांबतं. त्याचा हात मंद नाही, त्याच्या हुकमांना पुरवठाच नाही.

२१ लोकसंख्येचा साचा

पहिले सहा मेंढीवर. पुढचे चार लाकडावर. त्यातला पहिला झाडांना अगदी चिकटून लंबर कॅम्प बांधतो. एक चौकट दूर बांधलात तर प्रत्येक फेरीला ती चौकट मोजावी लागते.

अकरावा रानडुकराकडे. डुकरात ३४० अन्न असतं आणि शिकारीचा वेग मेंढीपेक्षा जास्त, सेकंदाला ०.४१. एक बाण लागला आणि डुक्कर मागे धावलं की लगेच टीसीकडे पळा. डुक्कर टीसीपाशी आलं की मेंढीवरचे सगळे त्याच्यावर सोडा आणि ज्याच्या मागे ते लागलंय त्याला बाजूला काढा. व्हिलेजरचे प्राण २५, 'लूम'नंतर ४०. भीती वाटत असेल तर 'लूम' आधी घ्या. पंचवीस सेकंदांच्या हिशोबापायी माणूस गमावण्यात काही शहाणपणा नाही.

बारावा घर बांधतो, मग बेरीपाशी मिल, आणि पुढचे तीन त्याच्या मदतीला. राहिलेले पाच लाकडावर. दुसरं डुक्कर मेंढीवाल्यांपैकीच एकजण आणतो. म्हणजे जनावरांवर सात, बेरीवर चार, लाकडावर नऊ. आठ मेंढ्या आणि दोन डुकरं मिळून १४८० अन्न होतं. तुम्हाला लागतं ११५०: सतरा व्हिलेजरचे ८५० वजा हातातले २००, अधिक फ्युडलचे ५००. म्हणून बटण दाबेपर्यंत शेतांची घाई नसते.

फ्युडलला १३० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ टीसी व्हिलेजर बनवू शकत नाही. ७:३० ला बटण, ९:४० ला फ्युडल. या दोन मिनिटांत बॅरक्स (पायदळाची इमारत, १७५ लाकूड) उभं करा, दुसऱ्या जंगलाला लंबर कॅम्प लावा आणि संपत आलेल्या डुकरावरची माणसं एकेक करून ६० लाकडाच्या शेतांवर वळवा. फ्युडल लागताच, त्याच सेकंदाला, तीन गोष्टी: व्हिलेजर रांगेत, स्टेबल सुरू, आणि लाकडाचं पहिलं तंत्र 'डबल-बिट ॲक्स' (१०० अन्न, ५० लाकूड).

कोणती सभ्यता घ्यावी? सुरुवातीला फ्रँक्स. त्यांच्या शेतांची तंत्रं फुकट मिळतात आणि फ्युडलपासून घोडदळाचे प्राण २० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे ढिसाळ खेळही थोडा खपून जातो. २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'तले हिंदुस्तानीही सोपे; त्यांचे व्हिलेजर सुरुवातीपासून स्वस्त, म्हणजे अन्नाची ओढाताण कमी. पण चिनी घेऊ नका. त्यांची सुरुवातीची गणितंच वेगळी आहेत आणि वर लिहिलेलं काहीही लागू पडणार नाही.

घरांचा हिशोब

एका टीसीतून पाच व्हिलेजर यायला १२५ सेकंद लागतात आणि एका घरात पाच मावतात. म्हणजे दर दोन मिनिटांना एक घर. दोन जणांची जागा उरली की घर सुरू करा. सैन्य सुरू झालं की हा अंदाज दुप्पट करा. कॅसल एजमध्ये (तिसऱ्या युगात) तीन टीसी चालू असतील तर दर ४२ सेकंदांना एक घर लागतं. तेव्हा एका व्हिलेजरला शिफ्टने चार-पाच घरं सांगून मोकळे व्हा. (तीन टीसीचं जमतंही छान: प्रत्येक नव्या टीसीला २७५ लाकूड आणि १०० दगड. सुरुवातीचे २०० दगड कुठे उडवले नसतील तर दोन टीसीसाठी खाण लागतच नाही.)

नजरेची फेरी

आता बोटांपेक्षा डोळ्यांचं काम. मंद खेळाडू एकाच जागी बघत राहतो. डुक्कर येतंय तर डुक्कर, लढाई चाललीय तर लढाई. गॅसवर दूध ठेवून भाजी चिरणाऱ्याची नजर जशी दर थोड्या वेळाने पातेल्याकडे जातेच, तशी नजर इथे लावून घ्यावी लागते.

फेरी अशी ठेवा: टीसीची रांग, लोकसंख्या आणि जागा, साधनांचे चार आकडे, रिकाम्या व्हिलेजरची खूण, मिनिमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा). सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. दर १५ खऱ्या सेकंदांना एक फेरी. सरावाच्या दिवसांत फोनवर १५ सेकंदांनी वाजणारा टायमर लावा. घरच्यांना त्रास होईल, हेडफोन वापरा. काही दिवसांत टायमर नसतानाही हात टीसीकडे जायला लागतो, मग तो बंद करा.

साधनांचे आकडे बघताना एकच प्रश्न: काही साचतंय का? लाकूड ५०० वर गेलं तर तुमची अर्थव्यवस्था भक्कम नाही, तुम्ही खर्च करायला विसरलात. शेतं, आणखी एक स्टेबल, घरं, काहीही बांधा. एक साधन साचतंय आणि दुसरं शून्यावर असेल तर तीन-चार माणसं हलवा. मोठ्या संख्येने लोक हलवू नका, नाहीतर दोन मिनिटांनी उलटा प्रश्न उभा राहतो.

लढाई सुरू असताना

इथे सगळ्यांचं टीसी झोपतं. उपाय म्हणजे टीसीला कंट्रोल ग्रुप द्या. टीसी निवडून कंट्रोल आणि १. नंतर नुसतं १ दाबलं की टीसी निवडलं जातं, पण कॅमेरा लढाईवरच राहतो. १, क्यू, आणि परत सैन्य. अर्धा सेकंद. स्टेबल किंवा रेंजना २, सैन्याला ३ आणि ४. आकडा दोनदा दाबला की कॅमेरा तिकडे उडी मारतो. इमारतींचा गॅदर पॉइंट घराच्या मागे सुरक्षित जागी ठेवा. थेट लढाईवर ठेवलात तर नवे सैनिक एकेकटे जाऊन मरतात.

स्क्रीनच्या कडेला माउस घासत नकाशा सरकवणं सोडा. मिनिमॅपवर क्लिक करून थेट तिथे जा. सुरुवातीला क्लिक चुकेल, चुकू द्या.

लढाईच्या आधी रांगेत दोन-दोन व्हिलेजर आणि सैनिक टाकून ठेवणं ठीक. पण पाच-पाच टाकू नका. रांगेतल्या प्रत्येकाचे पैसे आत्ताच कापले जातात आणि कॅसल एजचे ८०० अन्न आणि २०० सोनं जमायला उशीर होतो. चांगले खेळाडू रांग लांब ठेवत नाहीत, ते परत परत येतात.

सराव

पूर्ण सामने खेळून वेग वाढतो, पण हळू. एका तासाच्या सामन्यात पहिली आठ मिनिटं एकदाच खेळायला मिळतात. त्याऐवजी सोप्या एआयविरुद्ध सामना लावा, फ्युडलचं बटण दाबेपर्यंत खेळा, वेळ लिहा आणि सामना सोडून पुन्हा सुरू करा. तासात पाच-सहा वेळा होतं. ८:०० च्या आत सातत्याने येऊ लागलात की पुढची पायरी: पंधराव्या मिनिटापर्यंत. मग सैन्यासकट. खेळातच 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे धडे आहेत; त्यातले सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचे आणि कॅसल एज लवकर गाठण्याचे धडे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पदकांसाठी खेळता येतात. गोल्डच्या मागे लागा. त्या वेळा प्रामाणिक आहेत. यूट्यूबवर हेरासारख्या अव्वल खेळाडूचे धडे मोफत आहेत. ते बघताना त्याच्या हातांकडे न बघता तो टीसीकडे किती वेळा परत येतो ते मोजा.

एका वेळी एकच गोष्ट सुधारा. आज फक्त घरं, उद्या फक्त शिफ्ट. आणि मनगट दुखायला लागलं की उठा. दुखऱ्या हाताने लागलेल्या सवयी नंतर सुटत नाहीत.

सामना संपल्यावर आकडेवारीच्या पानावर तुम्ही कोणत्या युगात कधी गेलात ते दिसतं. खेळ रेकॉर्डिंगही आपोआप जपून ठेवतो. ते लावा, वेग वाढवा आणि फक्त टीसीकडे बघा: कधी थांबलं, का थांबलं. कारणं चारच सापडतील. अन्न नव्हतं, घर नव्हतं, तुम्ही लढाईत होतात किंवा नुसतेच विसरलात. वहीत चार रकाने करा आणि प्रत्येक वेळी रेघ मारा. ज्या रकान्यात रेघा जास्त, त्याचा सराव उद्या. पंधराव्या मिनिटापर्यंतचा रिकामा वेळ एक मिनिटाच्या आत आला, की मग बाण चुकवणं, जखमी घोडे मागे काढणं, टेकडीवरून लढणं यांच्या मागे लागा.